फळीवरच्या रंगपेट्या

पहाटे ५.१०

शिवाजी पेठेतलं दोन खोल्यांचं घर. आत गॅसवर चहाचं आधण. बाहेरच्या खोलीत मास्तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेत आणि पेन्सिली तासतायत. वय अठ्ठावन्न. गिऱ्हाईकं त्यांना पेंटर म्हणतात, क्लासची मुलं सर, गल्लीतले लोक मास्तर. मीही मास्तरच म्हणतो. आज दिवसभर त्यांच्या मागनं फिरायचं ठरवलंय.

शार्पनर घरात नाही. दाढीचं ब्लेड उभं मोडून घेतलंय, एका कडेला चिकटपट्टी गुंडाळलीय. पेन्सिलीचं लाकूड दोन बोटं सोलायचं. आतलं शिसं पेरभर उघडं ठेवायचं. मग पॉलिशपेपरच्या तुकड्यावर ते आडवं फिरवायचं, म्हणजे टोक लांब आणि निमुळतं होतं. एका पेन्सिलीला दीड-दोन मिनिटं लागतात. अशा बारा पेन्सिली. मुलं विसरून येतात, म्हणून जादाच्या.

‘‘आखूड टोकानं माणूस लिहितो,’’ मास्तर म्हणतात. ‘‘लांब टोक असलं की आडवी धरून रुंद छटा टाकता येते. उभी धरली की केसासारखी रेघ. एकाच पेन्सिलीत दोन हत्यारं.’’

६बीची पेन्सिल दहा रुपयांची. खोडरबर पाच. कार्ट्रिजचा मोठा कागद वीस रुपयांना, त्याचे चार तुकडे करायचे. पण कार्ट्रिज रोज कोण वापरणार? सरावाला पाठकोरे कागद. झेरॉक्सच्या दुकानातनं वाया गेलेले, पंधरा रुपये किलोनं. मास्तर दर आठवड्याला दोन किलो आणतात. वहिनी चहा ठेवून जातात आणि जाता जाता लाकडाच्या सालपटांवर पाय पडू नये म्हणून वर्तमानपत्राची कड दुमडतात.

पहाटे ६.०५

गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी ओळीनं उभ्या. समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. दोन पेल्यांचे चाळीस रुपये मास्तर देतात, मला देऊ देत नाहीत.

दूध पिऊन झालं की खिशातनं छोटी वही निघते. पाच मिनिटं म्हैस. म्हैस काही चित्रासाठी उभी राहत नाही. मान वळवते, शेपटी मारते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकते. मास्तर डोळे, शिंगं, कान यांच्याकडं जातच नाहीत. पहिली रेघ पाठीची. मानेपासून माकडहाडापर्यंत एकच. मग पोटाची. मग कुठल्या पायावर भार आहे ते. सात-आठ रेघांत म्हैस उभी राहते. ती हलली की नवीन पान.

धार काढणारा बघतो आणि म्हणतो, ‘‘मास्तर, शिंगं राहिली की.’’

‘‘राहू दे. वजन आलं न्हवं?’’

सकाळी ६.३०

पंचगंगेचा घाट. पाण्यावर धुकं. पाण्यातली दगडी देवळं, दीपमाळा, पलीकडं शिवाजी पुलाच्या कमानी, सगळं एकाच राखाडी रंगाच्या चार-पाच छटांत. पावसाळ्यात नदी चढते तेव्हा ही देवळं पाण्याखाली जातात. आज पाणी खाली आहे, म्हणून पायऱ्या मोकळ्या आहेत. बायका धुणं घेऊन आल्यात.

पाच जण आलेत. सकाळचे पैसे मास्तर घेत नाहीत, ज्याला यायचं त्यानं यावं. त्यात एक सकाळी पेपर टाकणारा मुलगा आहे, सायकल टेकवून थेट येतो. एक बँकेतनं निवृत्त झालेले काका आहेत. मास्तर त्यांना काका म्हणतात, काका त्यांना सर.

आजचं काम पायऱ्या. आधी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून काढायच्या. मग खाली पाण्याजवळ जाऊन त्याच पायऱ्या, खालून. वरनं बघताना प्रत्येक पायरीचा माथा दिसतो, आडवा पट्टा. खाली गेलं की डोळ्याच्या पातळीपेक्षा वरच्या पायऱ्यांचे माथे नाहीसे होतात, नुसती उभी बाजू उरते. पायऱ्या तिथंच आहेत. बघणारा पंधरा फूट खाली गेलाय, एवढाच फरक. पर्स्पेक्टिव्ह हा शब्द मास्तर तिसऱ्या आठवड्याआधी उच्चारत नाहीत. आधी वर-खाली करायला लावतात. पाय दुखले की समजतं.

मग माप. हात ताठ करायचा, कोपरात अजिबात वाकवायचा नाही, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून दीपमाळेची उंची घ्यायची. तीच पेन्सिल आडवी करून, देवळाची रुंदी त्यात किती वेळा बसते ते मोजायचं. कोपर वाकलं तर माप बदलतं, कारण पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते. पेपरवाल्या मुलाचं कोपर वाकतंय. मास्तर मागनं जाऊन नुसता हात धरतात आणि ताठ करतात. बोलत नाहीत.

मास्तरांच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा आहे. खराखुरा, पितळी, दोरीसकट. डोळ्यासमोर धरायचा. दीपमाळ सरळ दिसते, पण ओळंब्याशेजारी किंचित कललेली निघते. कललेली आहे तर कललेलीच काढायची. ‘‘तुला माहीत हाय ते काढू नको,’’ ते काकांना म्हणतात, आणि लगेच सुधारतात, ‘‘तुम्हाला माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा.’’

याच नदीकाठी, कोटीतीर्थावर, रंकाळ्याच्या संध्यामठापाशी आबालाल रहिमान हिंडत होते. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परत आलेले. १९३१ साली गेले. त्यांच्या संध्यामठाच्या चित्राबद्दल बोलताना लोक रंगाबद्दल बोलतात. मास्तर त्यांच्या छोट्या स्केचेसबद्दल बोलतात. एका जागी रोज जाऊन, रोज बघून, रोज काढलेल्या त्या जागा. मला मास्तरांचं पटतं. संध्याकाळचा तो उजेड कुठं पडणार हे त्या माणसाला ठाऊक होतं, कारण तो जिथं पडणार त्या जागेचा दगड न् दगड हाताखालून गेला होता.

सकाळी ८.१५

घरी. पोहे. दुसरा चहा. पायांतले बूट काढून चपला. डबा, ब्रशांची पत्र्याची पेटी, ऑइल पेंटचे दोन छोटे डबे, टर्पेंटाइनची बाटली, खडू, दोरा, लांब पट्टी, आणि हात टेकवायची काठी, जिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलाय. हे सगळं जुन्या मोटरसायकलला लटकतं. मी मागं बसतो, पट्टी माझ्या हातात.

सकाळी ९.००

पिठाच्या गिरणीचं शटर. आठ फूट रुंद. वर गिरणीचं नाव, खाली ‘येथे सर्व प्रकारचे दळण दळून मिळेल’. ठरलेले पैसे अठराशे, रंगासकट. रंगाला आणि टर्पेंटाइनला कालच चारशेवीस गेले.

पहिला तास रंगाचा डबा उघडतच नाही. दोऱ्याला खडूची भुकटी चोळली जाते. एक टोक मी धरतो, एक मास्तर. दोरा ताणून मध्ये टिचकी मारली की शटरवर सरळ पांढरी रेघ उमटते. ही शिरोरेषा. तिच्याखाली दुसरी, अक्षरांच्या पायाची. मग खडूनं अक्षरं. शटरला पट्ट्या असतात, फुगीर-खोलगट, त्यामुळं गोलाई मोडते. ‘ण’चे दांडे ठीक बसतात, ‘ळ’ला त्रास होतो. मास्तर ‘ळ’ तीनदा पुसतात. प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जातात, डोळे बारीक करून बघतात, परत येतात. मधनं रिक्षा, दुधाच्या गाड्या. मी मोजलं, तासाभरात सतरा फेऱ्या.

गिरणीवाले बाहेर येतात. अंगभर पीठ. ‘‘पेंटर, रंग कधी लावायचा?’’

‘‘लावू की. खडू फडक्यानं पुसतो. ऑइल पेंट पुसायला अर्धी बाटली टर्पेंटाइन लागतं.’’

वेलांटीशी मी बराच वेळ थांबलो. ‘गिरणी’ शब्दात दोन वेलांट्या, पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. मास्तरांनी त्या काढल्या तेव्हा मनगट हललंच नाही. खांद्यापासून हात फिरला, कमानीसारखा, आणि रेघ एकसारखी जाड राहून शेवटी निमुळती झाली. ब्रश नव्हता हातात, खडूच होता. पण रंग लावताना ब्रशही असाच जाणार, हे त्या वेळीच ठरून गेलं होतं.

१०.२० ला फोन येतो. एका दुकानाच्या पाटीचं काम ठरलेलं होतं, ते रद्द. फ्लेक्स करून घेतोय म्हणाले. मास्तर ‘‘बरं, बरं’’ म्हणतात आणि फोन खिशात टाकतात. मग पिवळा डबा उघडतात.

रंग दीड तासात होतो. आखणीला लागला त्यापेक्षा थोडाच जास्त वेळ, आणि एकदाही मागं जाऊन बघावं लागत नाही. काठी शटरवर टेकवायची, काठीवर मनगट, चपट्या ब्रशानं वरून खाली. अक्षराच्या आतून कडेकडं. कोपऱ्यात ब्रश किंचित फिरवायचा. एक थेंब ओघळला, करंगळीला फडकं गुंडाळून टिपला.

बाबूराव पेंटर याच गावचे. वडिलांच्या हाताखाली आणि भाऊ आनंदरावांच्या संगतीनं शिकले, शाळा-कॉलेजात नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, मग कॅमेरा बांधला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला. पडदा चाळीस फुटांवरून दिसायचा असतो. तिथं खांब वाकडा असला तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना वाकडा दिसतो. कोल्हापुरात रेघेचा हट्ट कुठनं आला असं मला कुणी विचारलं तर मी त्या पडद्यांकडं बोट दाखवेन.

दुपारी १.३०

गिरणीवाले हजार रुपये उचल देतात. उरलेले दुसरा हात मारल्यावर. बाकड्यावर बसून डबा. भाकरी, पावटा, खर्डा. नंतर मास्तर तिथंच पोत्याला टेकून वीस मिनिटं डोळे मिटतात. गिरणी चालूच असते.

दुपारी ३.००

क्लासची खोली मंगळवार पेठेत, एका गोदामाच्या वर. बारा बाय सोळा. भाडं तीन हजार, लाइटबिल वेगळं. लाकडी जिना, कठड्याला दोरी. खोली घेतली ती एका खिडकीसाठी. खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेच्या उजेडात ऊन थेट येत नाही, त्यामुळं तीनला मांडलेल्या तांब्याची सावली पाचलाही जवळजवळ तिथंच असते.

खालच्या कपाटात वस्तू. तांब्या, पाटा-वरवंटा, कंदील, गाडगं, वीट, पुठ्ठ्याचा शंकू, लाकडी ठोकळा, जुन्या बाजारातनं आणलेलं प्लास्टरचं एक पाऊल, त्याचा अंगठा तुटलेला.

वर फळी. फळीवर रंगपेट्या. नऊ. प्रत्येक पेटीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. ही तारीख पेटी वर गेली तेव्हाची. क्लासला येणारा प्रत्येकजण रंगच घेऊन येतो. मास्तर ती पेटी परत पाठवत नाहीत, फळीवर ठेवतात. पेन्सिल बसली की उतरवतात. काही पेट्यांवर दोन-दोन वर्षांपूर्वीच्या तारखा आहेत. ती मुलं येत नाहीत. पेट्या मास्तरांनी टाकलेल्या नाहीत.

दुपारी ४.००

शाळेची बॅच. सहा जण. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून घरचे पाठवतात. परीक्षा झाल्या की ही बॅच अर्धी होते. मास्तरांच्या हजेरीत पंधरा नावं आहेत, फी अकरा जणांची येते. महिना पाचशे.

आज तांब्या. मीही एक पाठकोरा कागद घेतो आणि बसतो.

तांब्याचं तोंड गोल आहे, पण समोरून बघताना लंबवर्तुळ दिसतं. माझ्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना कोपरे आले, होडीसारखे. मास्तर वाकून बघतात. ‘‘तांब्याच्या तोंडाला हात फिरवा. टोचतंय कुठं?’’ मी हात फिरवला. कुठंच टोचत नव्हतं. मग मी परत काढलं. कोपरे गेले, पण तांब्याचा तळ मी सरळ रेघेनं काढला होता. टेबल सपाट, म्हणून तळ सपाट. सहापैकी चार मुलांनीही तेच केलं होतं. मास्तर तांब्या उचलून डोळ्यांच्या समोर आणतात. तोंडाची नुसती रेघ दिसते. हळूहळू खाली नेतात, रेघ उघडत उघडत रुंद होत जाते. म्हणजे जितकं खाली तितकं गोल. मग तळ तर तोंडापेक्षाही खाली. तो जास्तच गोल हवा.

मी पन्नाशीकडं आलोय. घरात तांब्या रोज बघतो. त्याचा तळ मी आज पहिल्यांदा बघितला.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत, जुना क्रम असाच होता. आधी कागदावरच्या नमुन्यांची नक्कल, मग प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत माणूस, आणि रंग त्यानंतर. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तिथं गेले ते याच पायऱ्या चढून वर आले, आणि पुढं तिथंच शिकवलं. त्या क्रमावर पुष्कळ टीका झाली, काही रास्तही होती. पुतळ्यांवर वर्षं घालवून माणसं थिजतात. पण अजिंठ्याच्या भिंतींवर तरी काय आहे? तिथल्या चित्रकारांनी आधी गेरूची रेघ मारली, मग रंग भरला. विलायती पद्धत यायच्या कितीतरी आधी.

संध्याकाळी ५.३०

नवा मुलगा. आठवीतला. बरोबर आई. मुलाच्या हातात मोठी पेटी, छत्तीस रंगांची, तीन ब्रश, पॅलेट, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. साडेचौदाशेला घेतली, आई सांगतात.

मास्तर पेटी हातात घेतात, उलटसुलट बघतात. ‘‘चांगली आहे.’’ खिशातनं चिकटपट्टी काढतात. मुलाला नाव विचारून लिहितात. आजची तारीख घालतात. स्टुलावर चढून पेटी फळीवर ठेवतात.

आई बघत राहतात. ‘‘म्हणजे रंग कधी शिकवणार, सर?’’

‘‘सहा महिने धरा. एखाद्याला आठ लागतात.’’

‘‘मग एवढी आणायला लावली कशाला?’’

‘‘ताई, मी फोनवर एक ६बीची पेन्सिल सांगितली होती.’’

‘‘दुकानदार म्हणाला, क्लासला हीच लागते.’’ त्या गप्प होतात. मग म्हणतात, ‘‘परत घेईल का तो?’’

‘‘राहू दे. त्याला लागणारच आहे.’’ मास्तर पाचशे रुपये घेतात आणि वहीत लिहून पावतीसारखा कागद फाडून देतात. मुलाचा चेहरा पडलाय. तो फळीकडं बघतोय.

त्याला भिंतीशी उभं करतात. भिंतीवर पाठकोरे कागद टाचलेले. उभ्या रेघा मारायच्या. शंभर. पहिल्या दहा रेघा सगळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. मनगट टेकवून मारल्या की वाकणारच, मनगट बिजागरीसारखं फिरतं. मास्तर त्याचं मनगट भिंतीपासून सोडवतात. खांद्यातनं हात सोडायला सांगतात. रेघ जिथं संपवायची तिथं नजर ठेवायची, पेन्सिलीच्या टोकाकडं बघायचं नाही. विसाव्या रेघेनंतर हात भरून येतो. साठाव्या रेघेच्या आसपास, कुणी न सांगता, दोन रेघा सरळ येतात. तो मागं वळून बघतो. मास्तर दुसऱ्याच्या कागदावर वाकलेले असतात, पण त्यांनी बघितलेलं असतं.

आईंना मी खाली रस्त्यापर्यंत सोडलं. त्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. साडेचौदाशे रुपये फळीवर ठेवायला सोपे नसतात. पण मुलांच्या हातात आपण छापील बाह्यरेषेची रंगपुस्तकं देतो. आत रंग भरायचा, रेघेच्या बाहेर जायचं नाही. ती रेघ दुसऱ्याच कुणीतरी मारलेली असते. मूल रंग भरायला शिकतं आणि रेघ आपली नव्हेच असं धरून चालतं. या खोलीत पहिले सहा महिने जातात ते ती रेघ परत मिळवायला.

संध्याकाळी ६.४०

क्लासमधली एक मुलगी आली. तेवीस वर्षांची. दिवसभर कोल्हापुरी चपलांना वेण्या घालते, जोडामागं पैसे. अंगठ्याच्या बाजूला चामड्यानं घट्टे पडलेत. गेल्या मे महिन्यापासून येते. आठ महिने झाले. सुरुवातीला दोन महिने फी दिली, मग मास्तरांनी घेणं बंद केलं. ती क्लास झाडते, ते तिनंच ठरवलं.

सहा अंडी मांडलीत, उकडलेली, पांढऱ्या कापडावर. शेजारी एकाच बाजूनं दिवा. पांढऱ्यावर पांढरं. बाह्यरेषा काढायचीच नाही, नुसत्या छटांतून अंडं उचलायचं. चार दिवस चाललंय हे, आज कागद पूर्ण होणार.

मी तिच्या मागं बसलो. ती डोळे अर्धे मिटून बघते. अर्धे मिटले की बारीकसारीक जातं आणि उजेड-अंधार एवढंच राहतं. अंड्यावरची सगळ्यात गडद जागा कडेला नसते. कडेच्या थोडी आत असते, कारण कडेवर कापडावरून परत आलेला उजेड पडतो. हे ओळखायला तिला तीन महिने लागले, ती स्वतःच सांगते. आधी ती कड काळी करायची आणि अंडं चपटं व्हायचं, थाळीसारखं. आता ६बी आडवी धरून ती आतला पट्टा गडद करते, कडेला हात हलका करते. मग अंड्याखालची पडछाया. अंड्याला टेकते तिथं काळी, लांब जाईल तशी विरळ. पेन्सिलीचा आवाज तेवढा येतोय, खस्स खस्स.

सव्वासातला ती पेन्सिल खाली ठेवते. मास्तर कागद उचलून दिव्याशी नेतात. मग एका आरशात बघतात. आरशात उलटं दिसलं की डोळ्याची सवय मोडते आणि चुका वर येतात. डावीकडचं तिसरं अंडं किंचित कललंय. ते बोट ठेवतात. ती मान हलवते. ‘‘दिसलं.’’

‘‘पेटी उतरव,’’ मास्तर म्हणतात.

ती क्षणभर उभी राहते. मग स्टूल ओढते. बारा ट्यूबांची छोटी पेटी आहे, धूळ बसलेली. फडक्यानं पुसून उघडते. दोन ट्यूब दगड झाल्यात, पिवळी आणि हिरवी. ती काही बोलत नाही. मास्तर त्या बाजूला ठेवतात. ब्लेडनं फाडून आतली वडी पाण्यात भिजते, वापरता येते, म्हणतात.

मग पेटीतनं एकच ट्यूब काढून तिच्या हातात देतात. बर्न्ट अंबर. गडद तपकिरी.

‘‘एकच?’’

‘‘एकच. महिनाभर.’’

कागद बोर्डावर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं ताणला जातो. सात चौकोन. पहिला कोरा कागद, तसाच. सातवा जमेल तेवढा गडद. मधले पाच, पायरी पायरीनं. पांढरा रंग घ्यायचा नाही, पाणी कमी-जास्त करायचं. पेन्सिलीत जी छटा दाबानं यायची ती आता पाण्यानं आणायची आहे. तिचा दुसरा चौकोन छान उतरतो. तिसरा आणि चौथा सारखेच होतात. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, हे तिला अजून माहीत नाही. वाळल्यावर ती बघते, ओठ चावते, खाली दुसरी ओळ आखते. तिसऱ्या ओळीला सातही पायऱ्या वेगळ्या दिसतात. पाचवी थोडी जास्तच चढलीय.

घड्याळ बघितलं तर पावणेनऊ.

रात्री ८.५०

अंडी सोलली जातात. मीठ पुडीत आहे. सहा अंडी, चार माणसं. पेपरवाला मुलगाही आलाय, त्याला दोन. तिलाही दोन, भूक लागलीय. ती उभ्या उभ्या खाते आणि मग खोली झाडते. पेन्सिलीची सालपटं, रबराचा चुरा, टरफलं. पेटी पिशवीत घालते. आजपासून ती घरी न्यायची.

रात्री ९.३०

घर. मास्तर हिशेबाची वही काढतात. गिरणीची उचल हजार. फी दोघांची, हजार. कालचे रंग आणि टर्पेंटाइन चारशेवीस, पेट्रोल शंभर, अंडी बेचाळीस, कागद तीस, दूध चाळीस, चहा तीस. शिल्लक तेराशे अडतीस. खोलीचं भाडं पाच तारखेला द्यायचंय.

फळीवर आता परत नऊच पेट्या आहेत.

उद्या सकाळी साडेसहाला मास्तर पंचगंगेच्या घाटावर असतील, वरच्या पायरीवर. कोल्हापुरात असाल आणि काढायला शिकायचं असेल तर या. पैसे लागत नाहीत. रंग घरी ठेवा, पेन्सिल मात्र तासून आणा.